सोळा आण्यांची लेक आणि चार स्थळं : कादंबरीसाठी मदत हवी

वर्धाकाठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.१०

राम राम मंडळी.

तीन वर्षांपासून एक कादंबरी डोक्यात घोळत होती. यंदा सोयाबीन लवकर निघालं, तूर उभी आहे, हातात थोडे दिवस मोकळे मिळाले, म्हणून लिहायला बसलो. पाचव्या प्रकरणात बंडी रुतली आणि इथे आलो.

काळ १९२०-२१ चा हिवाळा. गाव वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावर, आर्वी तालुक्यात. गावाचा मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, सोळा आण्यांचा. त्याला एक मुलगा, एक मुलगी. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, मुलगा गेला. उरली वच्छला, वय सतरा. बाप खंगत चाललेला. वाड्यावर स्थळांची रीघ लागते आणि त्यातली चार टिकतात.

पहिलं, नदीपलीकडच्या देशमुखांचा थोरला. वाडा दुमजली, दमणीच्या बैलांना रेशमी झुली, आणि निम्मी वावरं सावकाराकडे गहाण. दुसरं, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकणारा पोरगा, जो डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनात स्वयंसेवक म्हणून राबला आणि तिथूनच कॉलेज सोडून गावी आला. तिसरं, वच्छलेच्या चुलत्यानं आपल्या बायकोच्या माहेरून आणलेला घरजावई, ज्याला ‘हो’ सोडून दुसरा शब्द येत नाही. चौथा स्थळ म्हणून आलेलाच नाही. तो पुलगावच्या जिनिंगमध्ये कापूस पारखतो आणि हिशेबाची वही घेऊन वाड्यावर येतो.

पाचव्या प्रकरणात वच्छला वाड्याच्या चौकात सगळ्यांसमोर आपला नवरा निवडते. अगदी स्वयंवर. हे प्रकरण बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “सीरियल झाली.” तेव्हापासून लेखणी बंद आहे.

प्रश्न सरळ आहे. त्या काळी आपल्या भागात एखादी वारस मुलगी नवरा निवडू शकत होती का? की मी शंभर वर्षांपूर्वीच्या वाड्यात आजची पोरगी नेऊन बसवतोय?

---

बोंडअळी | रात्री ९.३२

चौथा. धागा संपला, कुलूप लावा.

वहीवाला पोट्टा दारात आला तवाच मले समजलं. बाकीच्या तिघायले कायले राबवून राहिले बाप्पा?

---

मुळामुठा | रात्री ९.४५

विषय छान आहे. एक बावळट प्रश्न. सोळा आणे म्हणजे एक रुपया ना? मग एका रुपयाचा मालगुजार म्हणजे गरीब का?

---

वर्धाकाठ | रात्री १०.०५

नाही हो. नागपूर प्रांतात गावाची मालकी आण्यांत मोजायची. पूर्ण गाव म्हणजे सोळा आणे. कोणाकडे चार आणे, कोणाकडे साडेसहा आणे, आणि सगळ्यांच्या वतीनं सारा भरणारा तो लंबरदार. एकट्याकडे सोळा आणे असले की तो राजाच. स्वतः कसायची सीर आणि खुदकाश्त जमीन वेगळी, बाकी कुळांकडे.

आमच्या नदीची गंमत अशी की पलीकडे हे काही नाही. पलीकडे वऱ्हाड. ते १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि तिथे रयतवारी झाली, म्हणजे प्रत्येक खातेदार आपला सारा थेट भरणार. पलीकडे पाटील-देशमुख, अलीकडे मालगुजार. मध्ये पावसाळ्यात नाव आणि उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. सोयरिकी मात्र दोन्हीकडून व्हायच्या.

मालगुजारी १९५१ ला गेली. भंडाऱ्याकडे ‘मामा तलाव’ ऐकले असतील तर ते कोणाच्या मामाचे नाहीत, माजी मालगुजारी तलाव आहेत.

---

मुळामुठा | रात्री १०.११

मला खरंच मामाचे वाटायचे.

---

जुनेरं | रात्री ११.२०

धागाकर्ते, तुम्ही ज्या काठावर बसून लिहिताय त्याच्या पलीकडे कौंडण्यपूर आहे. पुराणातलं कुंडिनपूर तेच, असं परंपरा सांगते. नवरा निवडण्याची गोष्ट लिहायला याहून चांगली जागा मिळणार नाही, कारण दमयंती विदर्भाची, इंदुमती विदर्भाची आणि रुक्मिणीही विदर्भाची. पण तिघींची निवड तीन तऱ्हांची आहे, आणि तुम्ही त्यातली सर्वांत सोपी उचललीत.

तुमचं पाचवं प्रकरण म्हणजे इंदुमती. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात ती राजांच्या रांगेपुढून जाते. सुनंदा नावाची प्रतिहारी प्रत्येकाचं कूळ, राज्य, पराक्रम सांगते आणि इंदुमती पुढे सरकते. कालिदासानं तिला रात्री राजरस्त्यानं जाणाऱ्या दिव्याच्या ज्योतीची उपमा दिली आहे. ज्योत पुढे गेली की मागचं घर जसं काळवंडतं, तसा एकेक राजा काळवंडत गेला. वाचायला अप्रतिम. पण राजे बोलावले भावानं, माहिती सांगितली सुनंदेनं. इंदुमतीच्या वाट्याला चालणं आणि माळ घालणं.

रुक्मिणीला रांगसुद्धा मिळाली नाही. भावानं शिशुपाल ठरवून टाकला होता. आपण ‘रुक्मिणीस्वयंवर’ म्हणतो, प्रत्यक्षात ते हरण आहे, आणि त्याचा बेत तिनंच पत्रात लिहून पाठवला: लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी कुलदेवीच्या दर्शनाला बाहेर पडते, तिथून मला ने. अमरावतीकर ते देऊळ म्हणजे आपली अंबादेवी असं सांगतात. चांगलं स्थळ मिळावं म्हणून घरोघरी मुलींना एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचं पारायण करायला लावायचे. घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडून पळून गेलेल्या मुलीची पोथी, घरच्यांनी ठरवलेलं लग्न नीट व्हावं म्हणून वाचायची! यावर कोणी हसल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिसरी दमयंती. तिच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचं रूप घेऊन बसले. समोर पाच नळ. तिनं खरा कसा ओळखला? देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, अंगावर धूळ बसत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. ज्याला घाम होता, धूळ होती, सावली होती, त्याच्या गळ्यात तिनं माळ घातली. चौघे देव सोडून.

वच्छलेला इंदुमती करू नका. दमयंती करा.

---

सरकी_ढेप | सोमवार, सकाळी ७.०२

वा! वाचनखूण साठवली.

अवांतर: रुक्मिणीच्या लग्नाची गाणी मराठीत पहिल्यांदा रचली तीही आमच्याच अमरावती जिल्ह्यात. महदंबेचे धवळे, तेरावं शतक, रिद्धपूर. महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लटक्या लग्नात तिनं ती म्हटली. मराठीतली पहिली कवयित्री आणि तिचा विषय काय, तर आमच्या गावची नवरी.

---

दत्तकविधान | सोमवार, सकाळी ११.४०

तालुक्याच्या कोर्टात एकतीस वर्षं काळा कोट घातला. दमयंती वगैरे ठीक आहे. माझा प्रश्न एकच: मालगुजार आणि त्याचा भाऊ यांची वाटणी झाली होती का?

झाली नसेल तर कादंबरी पहिल्याच पानावर संपली. एकत्र कुटुंबात बाप मेला की त्याचा हिस्सा भावाकडे जातो. वच्छलेला लग्नाचा खर्च आणि पोटापुरतं. ती वारस नाहीच. तेव्हा ते सोळा आणे बापाच्या एकट्याचे की घराचे, हे आधी ठरवा.

वाटणी झाली असेल तर बापाच्या मागे आधी त्याची विधवा, तिच्या मागे मुलगी. विधवेचा हक्क हयातीपुरता, तिला गावची मिळकत मनमानी विकता येत नाही. मुलीचं कसं? मुंबईकडच्या पद्धतीत मुलीला पूर्ण मालकी, बनारस पद्धतीत तिलाही हयातीपुरतीच. घराणं जिकडून आलं तिकडचा कायदा सोबत घेऊन आलं असं कोर्ट धरायचं, त्यामुळे पणजोबा कुठल्या गावाहून आले यावर भांडणं चालायची.

पण खरी मेख दत्तकाची. महाराष्ट्राकडच्या पद्धतीत नवऱ्यानं परवानगी दिलेली नसली तरी विधवा दत्तक घेऊ शकत होती. दत्तक मांडीवर बसला की मुलगी बाजूला. म्हणून तुमचा तिसरा गडी मला पटत नाही. चुलता बायकोच्या माहेरचा घरजावई कशाला आणेल? स्वतःचा धाकटा पोरगा वच्छलेच्या आईच्या मांडीवर बसवेल. सोयरिकीचा खर्च नाही, जावयाचा रुसवा नाही, सोळा आणे घरातच. हे १९५६ पर्यंत चाललं. त्या वर्षीच्या दत्तक कायद्यानंतर, आधीच कोणाच्या नावावर झालेली मिळकत दत्तकाला काढून घेता येत नाही.

बापाला लेकीची काळजी असेल तर एकच वाट. मरणाआधी मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र. वाटणी झालेली आणि मुलगा नसलेला बाप वडिलोपार्जितही देऊ शकतो. त्यात ‘पूर्ण मालकीनं’ हे शब्द हवेत. बाईच्या नावानं कागद असला की ‘दिलं ते हयातीपुरतंच’ म्हणून भाऊबंद उभे राहायचेच.

तुमच्या कादंबरीतला सगळ्यात महत्त्वाचा पुरुष त्या चार स्थळांत नाही. तो दस्त लिहिणारा अर्जनवीस आहे.

---

बोंडअळी | सोमवार, दुपारी १२.१५

वकीलसाहेब, तुम्ही कधी प्रेमात पडले होते का?

---

दत्तकविधान | सोमवार, दुपारी १२.२२

पडलो होतो. रजिस्टर केलं आहे.

---

फणीकरंडा | सोमवार, दुपारी ३.३०

वारस मुलगी आणि नवरा म्हटलं की मला रखमाबाई आठवतात. मुंबईच्या, विदर्भाच्या नव्हेत, पण धाग्याला लागू आहे. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले. आईनं डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला आणि वडिलांची मिळकत रखमाबाईंकडे आली. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झालं, त्या नांदायला गेल्याच नाहीत. दादाजींनी १८८४ मध्ये दावा लावला. पहिल्या न्यायाधीशानं, पिन्हे यांनी, तो फेटाळला. पुढे १८८७ मध्ये फॅरन यांनी सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करेन म्हटलं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

बघा, तिथेसुद्धा लढाई ‘हा नको’ म्हणण्याची आहे. ‘हा हवा’ म्हणण्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही. वच्छलेला तुम्ही एकदम चार पर्याय देता. ते मला जड जातं.

---

माहेर_आर्वी | सोमवार, रात्री ८.५०

मी सहसा लिहीत नाही, वाचून जाते. पण इथे राहवलं नाही.

वय चुकलं आहे दादा. १९२० साली मालगुजाराच्या घरात सतरा वर्षांची बिनलग्नाची लेक? लोकांनी वाड्यासमोरून जाणं सोडलं असतं. दहा-बारा वर्षांत लगन उरकायचे. शारदा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला, त्यातही मुलीचं वय चौदाच धरलं होतं, आणि तेवढ्यावर केवढी बोंब झाली.

तिचं लग्न झालेलं असू द्या. मानमोडीनं भाऊ नेला तसा नवराही नेला. ती सासरहून परत आली. मग सतरा काय, एकोणीस वर्षांची करा. कोणी काही म्हणणार नाही.

---

मुळामुठा | सोमवार, रात्री ९.०१

पण मग प्रेमकथा कशी? विधवेचं लग्न १९२० ला खेड्यात?

---

माहेर_आर्वी | सोमवार, रात्री ९.३८

तुमच्याकडे पुस्तकात जी विधवा असते ती केशवपनवाली, कोपऱ्यातली. ती ठरावीक घरांतली. आमच्या कुणबी, माळी, तेली घरांत पाट लागायचा. त्यासाठी कुठल्या सुधारकाची वाट पाहिली नव्हती. पाट लग्नासारखा मिरवायचा नाही, दिवसा नाही, वाजंत्री नाही. रात्री, चार माणसांत, कंदिलाच्या उजेडात.

आणि आता नीट ऐका. पहिलं लगन आईबापाचं. पोरीला झोपेतून उठवून मांडवात बसवायचे. पाट मात्र बाईला विचारून. ती नाही म्हणाली तर नाही. म्हणजे आमच्या घरातल्या बाईला निवड मिळायची ती दुसऱ्या खेपेला, पहिल्या खेपेला नाही. तुम्हाला स्वयंवर वाड्याच्या चौकात हवं आहे. ते मागल्या दारी होतं.

देशमुखांत मात्र पाट चालायचा नाही. म्हणजे तुमचं पहिलं स्थळ गेलं.

---

बोंडअळी | सोमवार, रात्री ९.४४

रेशमी झुली घेऊन गेलं. 🙏

---

दत्तकविधान | सोमवार, रात्री १०.१०

ताईंनी कादंबरी वाचवली. वर कायद्याची भर घालतो.

१८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यात अट आहे की विधवेनं दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जातो. नवऱ्याच्या, बापाच्या नाही. बापानं दिलेले सोळा आणे तिच्याकडेच राहतात. म्हणजे वच्छला पाट लावते तेव्हा सासरचं सोडते आणि माहेरचं घेऊन उभी राहते. गावात अशी बाई दुसरी नसेल. आता स्थळांची रीघ खरी वाटते, आणि चुलत्याची झोप उडणंही.

---

जुनेरं | सोमवार, रात्री १०.३०

अनुमोदन. रसेल आणि हिरालाल यांचे मध्यप्रांतातल्या जातीजमातींवरचे १९१६ चे खंड चाळा. पाटाच्या चालीरीती जातीगणिक दिल्या आहेत. साहेबी चष्मा आहे, तो काढून वाचावं लागतं, पण तुमच्या कथेपासून चारच वर्षं मागची नोंद आहे.

---

वर्धाकाठ | मंगळवार, रात्री ११.५५

काल रात्रभर जागलो. देशमुख काढला. घरजावई काढला, त्या जागी चुलत्याचा धाकटा आणला, दत्तकासाठी. कॉलेजवाला ठेवला, पण आता तो पाटाला तयार होतो ते सुधारणा म्हणून, आणि वच्छलेला तेच खटकतं. कापूसवाला आहेच. नवा एक आणला, शेजारच्या गावचा बिजवर कास्तकार. एक तुकडा टाकतो, निर्दयपणे बोला.

*“चौकात बंड्या उभ्या होत्या. वच्छला खाली उतरली. पहिल्या बंडीतल्या कापसात तिनं खांद्यापर्यंत हात घातला आणि तळाची मूठ वर काढली. वर कोरडा, तळाशी ओला. तिनं मूठ कॉलेजवाल्यापुढे धरली. त्यानं कापूस बघितला आणि खादीबद्दल बोलायला लागला. ती मूठ तिनं पारख्यापुढे धरली. त्यानं कापूस दाबला, सोडला, फुगायची वाट पाहिली. तो फुगला नाही. ‘पाणी मारलं आहे,’ तो म्हणाला. ‘कशाला मारलं असेल?’ तिनं विचारलं. ‘वजनाला,’ तो म्हणाला, ‘पण गाडीवानानं नाही मारलं, बाई. हे घरून मारून आलं आहे.’ चुलता विड्याला चुना लावत होता. त्याचा हात थांबला.”*

---

सरकी_ढेप | बुधवार, सकाळी ६.४०

मस्त! चुना लावताना थांबलेला हात भारी.

दोन खोड्या. वच्छला ‘कशाला’ म्हणणार नाही. ‘काहून मारलं असंन?’ म्हणेल. आणि बंडी हाकणाऱ्याला आपल्याकडे गाडीवान कोण म्हणतो? सालदार लिहा, वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी.

---

फणीकरंडा | बुधवार, सकाळी १०.१५

तुकडा चांगला आहे, पण ही परीक्षा तिची नाही, तुमची आहे. कापूस पारखणाऱ्याला कापसाची परीक्षा दिली की तोच पास होणार. तुम्ही प्रश्नपत्रिका बोंडअळींच्या उमेदवाराला आधीच फोडलीत.

---

बोंडअळी | बुधवार, सकाळी १०.२०

माहा उमेदवार आहे, माहा उमेदवार राहीन.

पण बाई बरोबर बोलून राहिल्या. मलेही वाचताना थोडं गुळगुळीत लागलं.

---

जुनेरं | बुधवार, दुपारी १.०५

फणीकरंडांशी सहमत. दमयंतीनं देवांची परीक्षा घेतली नव्हती. तिनं फक्त पाहिलं. तिनं विनवल्यावर देवांनी आपली लक्षणं उघड केली, आणि तिला फरक दिसला. घाम, धूळ, सावली. वच्छलेला प्रश्न विचारू देऊ नका. तिला काय दिसतं ते शोधा.

---

वर्धाकाठ | बुधवार, रात्री १०.४०

काय दिसेल? पागोटं? वहाणा? जेवताना पानात किती टाकतो ते? मी तीन तास कागदासमोर बसून आहे.

---

माहेर_आर्वी | गुरुवार, दुपारी २.३०

सांगू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मुलं म्हणाली, सांग.

ही माझ्या पणजीची गोष्ट. गाव सांगत नाही. तिच्या बापाकडे सोळा आणे नव्हते, चार आणे होते. भाऊ मानमोडीत गेला. तिचं लगन नवव्या वर्षी झालेलं, नवरा त्याच्याही आधी गेला होता, पटकीनं. ती माहेरी. चुलत्याचा डोळा त्या चार आण्यांवर. वकीलसाहेबांनी लिहिलं तसंच, दत्तकासाठी तिच्या आईला रोज उठून टोचणं चालायचं. बापानं आर्वीला जाऊन कागद केला. कागद करून आला त्या दिवशी तो घरात न येता ओसरीवरच झोपला, असं सांगतात. का, ते कोणी सांगत नाही.

मग पाटासाठी तीन जण आले. एकेक करून नाही, एकाच आठवड्यात, कारण कागदाची बातमी फुटली होती. बापानं तिला म्हटलं, तू पाहून घे.

ती समोर कशी येणार? पाहुणे ओसरीवर, बाया आत. चहा तेव्हा आमच्या घरात शिरला नव्हता, गुळाचं पाणी दिलं. ते बोलले बापाशी. काय बोलले ते तिनं ऐकलंच नाही असं ती म्हणायची. ती मागून गोठ्यात गेली होती.

पाहुण्यांचे बैल आपल्या गोठ्यात बांधायचे, त्यांना वैरण आणि सरकी घालायची, ही रीत. ते काम तिच्याकडे. आमच्याकडची जोडी म्हणजे गवळाऊ, पांढरी. पांढऱ्या कातडीवर सगळं दिसतं. पहिल्याची जोडी सगळ्यात उंच होती, शंकरपटात पळवलेली, शिंगांना पितळी शेंब्या. पण मांडीच्या मागच्या बाजूला आरीचे टोचे, जुने काळे पडलेले आणि नवे ओले. दुसऱ्याची जोडी तिनं हात वर केला की डोळे मिटायची. तिसऱ्याची जोडी बुटकी, एक बैल थोडा लंगडा. त्यांच्या अंगावर तुतारीचा एक घाव नव्हता. तिनं सरकीचं टोपलं पुढे केलं तर लंगडा बैल आधी तिचा हात चाटून गेला.

रात्री आईला सांगितलं, तिसरा.

आई म्हणाली, अवं त्याचा बैल लंगडा आहे. पणजी म्हणाली, आहे, पण त्यानं तो विकला नाही.

---

मुळामुठा | गुरुवार, दुपारी २.४१

अंगावर काटा आला. पण तुतारीचा घाव कसा? तुतारी फुंकतात ना?

---

बोंडअळी | गुरुवार, दुपारी २.४४

भाऊ, आमच्याकडं तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. टोकाले लोखंडी आर असते. तुमच्या तुतारीनं बैल पळत नाही, आमच्या तुतारीनं नवरदेव पळतो.

आणि मी माहा उमेदवार मागं घेतो.

---

दत्तकविधान | गुरुवार, दुपारी ४.००

कागदावर त्या चार आण्यांचं पुढे काय झालं ताई? चुलत्यानं दावा लावला असेल.

---

माहेर_आर्वी | गुरुवार, संध्याकाळी ६.१५

लावला होता. नऊ वर्षं चालला. वकिलांच्या फीपायी दोन आणे गेले, दोन राहिले. १९५१ ला तेही सरकारकडे गेले, घरची सीर तेवढी राहिली. त्यातल्या एका वावरात आजही आमची तूर आहे. वावराला नाव आहे, पण ते सांगितलं तर गाव कळेल.

---

वर्धाकाठ | गुरुवार, रात्री ११.३०

ताई, चौथं आणि पाचवं प्रकरण फाडून टाकलं. वच्छला आता गोठ्यात उभी आहे आणि मला तिला तिथून हलवावंसं वाटत नाही. हा प्रसंग तुमच्या परवानगीशिवाय वापरणार नाही, बैल बदलून, सगळं बदलूनसुद्धा नाही.

एकच विचारतो. पणजीनं हे पणजोबांना कधी सांगितलं का? की बैलांवरून निवडलं म्हणून?

---

माहेर_आर्वी | शुक्रवार, सकाळी ७.२०

वापरा. बैल लंगडाच ठेवा.

नाही, तिनं कधीच सांगितलं नाही. पणजोबांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्या दिवशी बांधलेला गुलाबी फेटा तिला आवडला. मरेपर्यंत दर पोळ्याला ते नवा गुलाबी फेटा घ्यायचे, आणि ती तो त्यांना हातानं बांधून द्यायची.